पातेल्याला खालून भोक: अंगणातल्या पूलला स्किमर बसवल्याची पूर्ण हकीकत

नावगाव काढून टाकलंय, बाकी जसं झालं तसंच लिहितोय. ज्याचा पूल आहे तो माझा मित्र, त्याला इथे नुसतं मालक म्हणू. त्याने लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर, ड्रिलचा किस्सा गाळायचा नाही. मी मेकॅनिकलवाला आहे, पूलवाला नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

पार्श्वभूमी

न्यू जर्सीतलं मराठी घर. मालक, वहिनी, दोन पोरं आणि उन्हाळ्याचे काही महिने साताऱ्याहून येणाऱ्या काकू. २०२० च्या उन्हाळ्यात सगळं बंद होतं, टाउनचा पूलही बंद, तेव्हा इथे जो तो अंगणात पूल लावायच्या मागे लागला होता आणि दुकानांतले पूल बघता बघता संपले. मालकाला जो मिळाला तो त्याने उचलला. १८ फूट व्यासाचा, ४८ इंच उंचीचा, पाइपांची फ्रेम आणि तिला अडकवलेला जाड प्लास्टिकचा कपडा. खणायचं काही नाही, जमीन सपाट करून वर उभा करायचा. पाणी मावतं साधारण ६,४०० गॅलन, म्हणजे २४ हजार लिटर, आपल्याकडचे दोन मोठे टँकर समजा.

याच्याबरोबर पंप आणि कागदी कार्ट्रिजचा फिल्टर येतो, डब्यावर तासाला १,५०० गॅलन असं लिहिलेलं. स्किमर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणारा डबा, मात्र येत नाही. पत्र्याच्या भिंतीचे जे कडक पूल असतात त्यांच्या भिंतीत स्किमरसाठी चौकोन आधीच पाडलेला असतो. या कापडी पूलमध्ये पाणी ओढून घ्यायची भोकं असतात खाली, पोटरीच्या उंचीला, त्यावर प्लास्टिकची जाळी, आणि फिल्टर झालेलं पाणी परत सोडणारं तोंडही भिंतीतच. वर पाण्याच्या रेषेपाशी काहीच नाही. पहिली दोन वर्षं याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण पूल आहे हेच एवढं मोठं होतं.

अडचण काय होती

शेजाऱ्याचं सिल्व्हर मेपल. मोठं झाड, अर्ध्या फांद्या इकडे. वसंत सरता सरता त्याच्या बिया गळतात, पंख असलेल्या, गरगर फिरत येतात, पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. त्या संपल्या की बारीकसारीक पानं, परागकणांची पिवळी पूड, किडे, आणि एकदा पोरं पाण्यात उतरायला लागली की सनस्क्रीन. वर आमच्या लोकांची खास भर म्हणजे खोबरेल तेल, काकू रविवारी सकाळी दोन्ही नातवंडांच्या डोक्यावर थापणार आणि अकरा वाजता तीच डोकी पूलमध्ये. दुपारी उन्हात बाजूने बघितलं की पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसायचा आणि भिंतीला पाण्याच्या रेषेवर बोटभर रुंदीचा पिवळट चिकट पट्टा. नखाने खरवडला की मेणासारखा नखात भरायचा.

पंप दिवसाला आठ तास चालायचा. डब्यावरचा आकडा खरा धरला तर आठ तासांत १२ हजार गॅलन, म्हणजे सगळं पाणी जवळपास दोनदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. तरी वर घाण तशीच. मालकाचा निष्कर्ष असा की केमिकल कमी पडतंय. मग शॉक (क्लोरीनचा मोठा डोस) टाका, क्लॅरिफायर (गढूळपणा काढणारं औषध) टाका, शेवाळाचं औषध टाका. २०२२ च्या मे आणि जूनमध्ये निव्वळ बाटल्यांवर दीडशेच्या वर डॉलर गेले, आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटं जाळी घेऊन फेऱ्या मारणं सुटलं नाही ते नाहीच.

खरं दुखणं काकूंनी सांगितलं. त्या खुर्चीत बसून बघत होत्या, म्हणाल्या, "अरे, साय वर येते ना? मग तुम्ही पातेल्याला खालून भोक पाडून काय काढताय?" आम्ही हसलो, पण बाई शंभर टक्के बरोबर होती. पंप ओढतो तळातलं पाणी, कचरा तरंगतो वर, दोघांची गाठ पडतच नाही. पान एकदोन दिवस तरंगून भिजून जड झालं की बुडतं आणि मग कुठे जाळीपाशी जातं, पण तोपर्यंत त्याचा चहा होऊन पाण्यात उतरलेला असतो आणि तो सगळा क्लोरीनला खायला बसलेला असतो.

स्किमर नेमकी साय काढतो. भिंतीत आडवं तोंड, तोंडाला तरंगणारी झडप, मागे डबा, डब्यात टोपली, तळाला पंपाकडे जाणारा पाइप. पंपाने ओढलं की झडप जरा झुकते आणि तिच्या वरून पाण्याचा फक्त पातळ थर आत येतो, त्यामुळे तिथे पाण्याला वेग येतो आणि लांबचा तवंगही खेचला जातो. पंप बंद झाला की झडप उभी राहते आणि आत आलेलं पान परत बाहेर जात नाही. एवढंच यंत्र.

कोणते पर्याय होते

झाड तोडायचा पर्याय पहिल्या दहा मिनिटांत बाद झाला, झाड आपलं नाही. पत्र्याच्या भिंतीचा नवा पूल घ्यावा असं मालकाच्या मनात होतं, पण तो बसवण्यासकट काही हजारांचं काम, आणि आहे तो पूल अजून धड होता. सौरऊर्जेवर चालणारा तरंगता रोबो वहिनींना आवडला होता, किंमत ऐकून त्यांनीच तो विषय बंद केला.

उरले दोन. एक, भिंतीला वरून अडकवायचा स्किमर. भोक पाडायचं नाही, वरच्या पाइपला हूक, पाण्यात तरंगणारी कडी आणि टोपली, आणि तिथून एक लवचिक नळी पूलच्या आतूनच खालच्या ओढणाऱ्या भोकाला जोडायची. चाळीसेक डॉलर. दोन, भिंतीत कायमचा बसणारा खरा स्किमर, म्हणजे धडधाकट पूलला सुरीने चौकोन कापायचा. माल शंभराच्या आसपास, पण चुकलं तर पूल गेला.

पहिला निर्णय सोपा होता, आधी अडकवायचा घेऊ. आणि तो अगदीच वाया गेला असं म्हणणार नाही, पहिल्या संध्याकाळी टोपली हेलिकॉप्टरांनी गच्च भरली आणि मालकाने फोटो पाठवला. पण आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. या पूलला ओढणारी भोकं दोन आणि स्किमर जोडला एकाला, म्हणजे निम्मं पाणी तळातून येतच राहिलं आणि वरची ओढ दुबळी. पोरांनी उडी मारली की तरंगणारी कडी लाटेने वाकडी होऊन अडकायची, मग कधी हवा ओढायची कधी काहीच नाही. आतून लोंबणारी नळी धाकट्याच्या पायात यायची, ते मला सगळ्यात खटकलं. पोहायच्या वेळी स्किमर काढून ठेवायचा आणि नंतर परत लावायचा असा नियम झाला, आणि असे नियम दहा दिवसांच्या वर टिकत नाहीत.

मधेच मालकाच्या डोक्यात आलं की दुसऱ्या भोकाची जाळी काढून टाकू, एवढी बारीक आहे, प्रवाह वाढेल. इथे मी सरळ नाही म्हणालो, जरा आवाज चढवूनच. २००२ साली सात वर्षांची व्हर्जिनिया ग्रेम बेकर हॉट टबच्या तळातल्या ड्रेनच्या ओढीत अडकून गेली, आणि तिच्या नावाने २००७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला तो याच झाकणांबद्दल. अशी झाकणं बसवायची त्यातली सक्ती सार्वजनिक पूलांवर आहे, अंगणातल्यांवर नाही, पण केसं आणि पाठ ओढली जाताना ते कोण विचारतं. जाळी राहिली. प्रवाहाचा प्रश्न दुसऱ्या मार्गाने सोडवायचा असं ठरलं.

कापायचं की नाही

हा खरा निर्णय. तीन आठवडे गेले यात. वहिनींचा प्रश्न सरळ होता, "भाऊजी, भोक पाडल्यावर हा फाटला तर २४ हजार लिटर पाणी कुठे जाईल?" उत्तर, उतार शेजाऱ्याकडे आहे.

म्हणून कागदावर हिशोब केला, तो इथे देतो कारण भीती किती खरी ते त्यावरून कळतं. गोल पूलच्या कपड्यावरचा ताण म्हणजे त्या खोलीवरचा पाण्याचा दाब गुणिले त्रिज्या. त्रिज्या २.७४ मीटर, पाणी १०७ सेंटीमीटर. तळाशी एक सेंटीमीटर उंचीच्या पट्टीवर साधारण २९ किलोचा ओढा येतो. वरून १० सेंटीमीटर खाली गेलं तर तोच ओढा जेमतेम पावणेतीन किलो, म्हणजे दहावा भाग. स्किमरचं तोंड बसतं ते या वरच्या पट्ट्यातच. म्हणजे भोक वर पाडायला कपड्याची ना नाही, खाली पाडलं असतं तर वेडेपणा होता. खरा धोका ताणाचा नाही, टोकाचा आहे. चौकोनाचा कोपरा टोकदार कापला तर तिथून फाट सुरू होते, जसं कॉलेजात खाचेचं गणित शिकलो होतो तसं. कोपरे गोल ठेवायचे.

दुसरा धोका कपड्याच्या रचनेतला. हा कपडा तीन पदरी असतो, दोन बाजूंना पीव्हीसी आणि मधे पॉलिस्टरच्या दोऱ्याची जाळी. कापलेल्या कडेला दोरे उघडे पडतात आणि वातीसारखं पाणी आत शोषतात, मग काही महिन्यांनी पदर सुटून फुगे येतात. म्हणून कड व्हिनाइल सिमेंटने, म्हणजे या प्लास्टिकच्या गोंदाने, बंद करायची.

वॉरंटी आधीच संपलेली, तो मुद्दा निकाली. काकू परत जायच्या आत काम झालं पाहिजे असं पोरांचं म्हणणं. कापायचं ठरलं, आणि रुंद तोंडाचा नाही तर नेहमीचा अरुंद तोंडाचा स्किमर घ्यायचा, भोक जेवढं लहान तेवढं बरं.

जागा कुठली? नियम असा की वारा जिकडे कचरा ढकलतो तिकडे स्किमर हवा. ती बाजू ओळखायला मालकाने स्वयंपाकघरातून चुरमुऱ्यांची पिशवी आणली आणि शनिवारी दुपारी पंप चालू ठेवून मूठभर चुरमुरे पूलमध्ये फेकले. पोरं खूश, वहिनी अजिबात नाही. वीस मिनिटांत सगळे चुरमुरे ईशान्येच्या कडेला जमले. रविवारी परत केलं, परत तिथेच. घोळ एवढाच की घर, प्लग आणि पंप सगळं नैऋत्येला, म्हणजे बरोबर समोरच्या टोकाला. ईशान्येला बसवला तर पाइप अर्ध्या पूलला वळसा घालून आणायचा, गवत कापायला अडचण, ठेच लागणार. तडजोड अशी की घरापासून साधारण एक तृतीयांश वळशावर, दोन उभ्या पायांच्या बरोबर मधे, आणि पाणी परत सोडणाऱ्या तोंडाची दिशा तिरकी करून सगळं पाणी हळूहळू गोल फिरतं ठेवायचं, म्हणजे ईशान्येला जमलेला कचरा फिरत फिरत स्किमरपुढून जाईल.

काय केलं

शुक्रवारी रात्री मालकाने पाणी फूटभर उतरवून ठेवलं, म्हणजे सकाळी लवकर काम सुरू. तेव्हा हे शहाणपणाचं वाटलं होतं. ही पहिली चूक.

सकाळी बघतो तर वरचा कपडा ढिला, सुरकुत्या पडलेल्या. आम्ही वरच्या पाइपपासून टेपने सरळ खाली माप घेतलं आणि मार्करने तोंड आखलं. टेप सरळ उतरली पण कपडा सुरकुतीतून वळसे घेत उतरत होता, म्हणजे जिथे खूण केली तिथवर कपड्याची लांबी टेपवरच्या आकड्यापेक्षा जास्त होती. पाणी भरून कपडा ताणला जाईल तेव्हा खूण खाली सरकणार हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मेकॅनिकलवाला शेजारी उभा असून.

मग जुन्या दुरुस्तीच्या किटमधल्या व्हिनाइलची चौकट कापून भिंतीला बाहेरून चिकटवली, कपडा तिथे दुप्पट जाड झाला. एक रात्र वाळू द्यायला हवी होती, दिली चार तास, उन्हात. त्यानंतर क्रम असा: बाहेरून स्किमरचा डबा, त्यावर गॅस्केट (पाणी अडवणारी मऊ चकती), मग भिंत, मग आतून दुसरं गॅस्केट आणि पुढची चौकट. दोन्ही गॅस्केट कपड्याला घट्ट चावली पाहिजेत. भोक आधी पाडायचं नाही. आधी कपड्यातून फक्त स्क्रूची भोकं टोचायची, चौकट सगळ्या स्क्रूंनी पकडायची आणि मग शेवटी चौकटीच्या आतला कपडा सुरीने कापायचा, म्हणजे कपडा हलत नाही आणि कोपरे चौकटीच्या आकाराचेच गोल निघतात. सिलिकॉन लावायचा मोह मालकाला फार होता. नको म्हटलं, गॅस्केट स्वच्छ आणि कोरडं असलं की तेच पुरतं, आणि पुढे कधी उघडायचं झालं तर सिलिकॉन खरवडत बसावं लागतं.

आता ड्रिल. स्क्रू हाताने, समोरासमोरचे, थोडे थोडे करत घट्ट करायचे असतात, गाडीचं चाक बसवतो तसे. अर्धे असे केले. मला काकूंनी चहाला बोलावलं, दहा मिनिटं गेलो, तेवढ्यात मालकाने उरलेले ड्रिलने मारले. शेवटचा, खालचा डावा, कर्रर्र करून मोकळा फिरायला लागला. प्लास्टिकचे आटे गेले. परत आलो तर तो चेहरा अगदी शांत ठेवून म्हणतो, "एक सोडून सगळे घट्ट आहेत."

तात्पुरता जरा जाड स्टेनलेसचा स्क्रू हाताने बसवला, धरला. मग कापणं. सुरी मालकाने धरली, वहिनी आत गेल्या, म्हणाल्या मला बघायचं नाही. पहिली चीर देताना आवाज येतो, ताडपत्री फाटल्यासारखा, पोटात गोळा आला. तुकडा हातात आला, निळा, सामोशाच्या पट्टीपेक्षा थोडा रुंद. कडेला सिमेंट फिरवलं.

खाली टेकू. हे विसरू नका, पत्र्याच्या भिंतीला स्किमरचं वजन कळत नाही, कपड्याला कळतं. डबा, त्यातलं पाणी, पाइप, सगळं लोंबायला लागलं की चौकट तिरकी होते आणि गॅस्केट खालून सुटतं. चार इंची लाकडाचा खांब जमिनीत पुरून वर फळी मारली, फळीवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे, त्यावर डबा नुसता टेकवला, बांधला नाही. पोरं उड्या मारतात तेव्हा भिंत हलते, तिच्याबरोबर त्यालाही थोडं हलू दिलं पाहिजे.

पाइपाचं काम सर्वात कंटाळवाणं आणि वेळ खाणारं. या कापडी पूलच्या पंपाचे आटे आणि इथल्या नेहमीच्या प्लंबिंगचे आटे जुळत नाहीत, अडॅप्टर लागतो, आणि तो त्या दिवशी कुठल्याच दुकानात मिळाला नाही, मागवावा लागला. चार दिवस पूल अर्धवट रिकामा, पाणी हिरवट. अडॅप्टर आल्यावर स्किमरची लाइन आणि खालची जुनी लाइन एका टी-ला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाला, जोडली, दोन्हीवर वेगवेगळे बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आत भोकाचा गोळा फिरणारे नळ. जाळी काढायच्या ऐवजी आम्ही शोधलेला मार्ग तो हाच: किती पाणी वरून ओढायचं किती खालून, ते हाताने ठरवता येतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप, होजवर स्टेनलेसचे क्लॅम्प. पंप जीएफसीआयवर, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणाऱ्या प्लगवर, आधीपासून होताच, तरी बटण दाबून तपासला.

काय झालं

पाणी भरत आणलं आणि चूक समोर आली. नेहमीच्या रेषेपर्यंत भरल्यावर स्किमरचं तोंड पूर्ण पाण्याखाली. पाणी तोंडाच्या निम्म्या ते दोन तृतीयांश उंचीवर असलं तरच झडपेवरून पातळ थर येतो, तोंड बुडालं की तो नुसता भिंतीतला आणखी एक पाइप. आमचा स्किमर दीड इंच खाली बसला होता. आता भोक वर सरकवता येत नाही, म्हणून पाण्याची रेषाच दीड इंच खाली आणली, जवळपास ९०० लिटर कमी. रोजच्याला त्रास नाही, पण इथे जुलैत जोरदार गडगडाटी पाऊस येतो, एक इंच पडला की तोंड बुडतं आणि पाणी काढून टाकावं लागतं. हे आजतागायत चालू आहे.

त्या मोकळ्या स्क्रूखालून थेंब यायचे. मालकाने बादली टेस्ट केली, म्हणजे पूलच्या शिडीवर पाण्याची बादली ठेवायची आणि २४ तासांनी बादली आणि पूल दोन्हीतली घट ताडून बघायची, सारखी असेल तर नुसतं बाष्पीभवन. दोन्ही सारखंच निघालं, तो म्हणाला गळत नाही. पण या पूलमध्ये पाव इंच म्हणजे १५० लिटर, दिवसाला पंधरावीस लिटरची गळती त्या टेस्टमध्ये दिसणारच नाही. खाली बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला, सकाळी काठोकाठ. मग पाणी परत उतरवून चौकट सोडवली, गॅस्केट पुसलं, मोकळ्या आट्याच्या जागी आरपार बोल्ट आणि मागून नट, सगळं हाताने. थेंब बंद.

आणि हो, स्किमर चालला. मोठा हिस्सा वरून, थोडा खालून अशी व्हॉल्व्हची जागा दोन दिवसांत सापडली. स्किमरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पंप लहान असल्यामुळे खालून काहीच येईना आणि तळाला बारीक माती साचायला लागली, म्हणून खालचा थोडा उघडा ठेवला. संध्याकाळची वीस मिनिटांची जाळी संपली, आता टोपली उपडी करायची दिवसातून एकदा, बियांच्या दिवसात दोनदा. टोपलीवर जुना नायलॉनचा पायमोजा चढवला की परागकणसुद्धा अडकतात, तो दोन दिवसांत पिवळाजर्द होतो. तवंग तिसऱ्या दिवशी दिसेनासा झाला. भिंतीवरचा चिकट पट्टा मात्र आपोआप गेला नाही, तो घासावाच लागला, फक्त परत आला नाही.

क्लोरीनचं सांगायचं तर आधी १० टक्केवाल्या लिक्विड क्लोरीनचा गॅलन चार दिवस पुरायचा, नंतर सहा दिवस. पण त्याच आठवड्यात मालकाने स्टॅबिलायझरही ४० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ४० भाग) आणला होता आणि उन्हाने उडणारं क्लोरीन त्याने वाचतं, त्यामुळे यातलं किती स्किमरमुळे ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

परत करायचं झालं तर

खूण पूर्ण भरलेल्या पूलवर करू. पंप चालू ठेवून पाणी शांत झालं की पाण्याच्या रेषेवरच मार्कर टेकवायचा, तोंडाचा मध्य त्याच्या किंचित खाली, आणि मग पाणी उतरवायचं. दोन मिनिटांचं काम होतं.

अडॅप्टर, क्लॅम्प, व्हॉल्व्ह सगळं टेबलावर मांडून, एकदा कोरडं जोडून बघितल्याशिवाय सुरी हातात घेणार नाही.

अडकवायच्या स्किमरवर गेलेले चाळीस डॉलर मला वाया वाटत नाहीत, मालकाला वाटतात. माझं म्हणणं, त्यामुळेच वरून ओढलं की फरक पडतो हे कापायच्या आधी कळलं. ज्यांच्याकडे झाड नाही, पोरं नाहीत, त्यांना तेवढाच पुरेल, उगाच कापू नये. आणि ज्यांचा पूल वॉरंटीत आहे त्यांनी तर नाहीच.

जागेबद्दल अजून वाद आहे. मी आज ईशान्येलाच बसवला असता आणि पाइप जमिनीखालून नेला असता. तडजोडीच्या जागी कचरा येतो पण वारा जोरात असला की अर्धा समोरच अडकून बसतो, मग मालक झाडूने पाणी हलवून पाठवून देतो.

हिवाळ्याचा विचार आम्ही ऑक्टोबरपर्यंत केलाच नव्हता. स्किमरमध्ये पाणी राहून गोठलं तर डबा फुटतो, म्हणून पाणी तोंडाच्या बरंच खाली उतरवलं, टोपली आणि झडप काढून गॅरेजात ठेवली, पाइप सोडवून उलटे करून टांगले. सगळं नीट केलं असं वाटलं. एप्रिलमध्ये जोडायला घेतलं तर स्किमरच्या लाइनवरच्या बॉल व्हॉल्व्हला केसाएवढी चीर. तो बंद स्थितीत ठेवला होता, आणि बंद बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यात चमचाभर पाणी अडकून राहतं, तेवढं गोठायला पुरलं. नवा बारा डॉलरचा आणला. त्यानंतर दोन्ही व्हॉल्व्ह अर्धवट उघडे ठेवून गॅरेजात जातात, आणि मालकाने त्यांच्यावर मार्करने मराठीत लिहून ठेवलंय, बंद करू नये.